तिसऱ्या खिडकीचा खांब

आमच्या ऑफिसात एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, जाडजूड, मागच्या खोलीच्या दाराला सुतळीनं टांगलेली. त्या खोलीत चार मोठे कॉम्प्युटर अखंड चालायचे आणि त्यांना थंड ठेवायला एक एसी होता. आम्हा माणसांना पंखे. काचीगुड्याला स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत, बेअरिंगच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर हे ऑफिस.

आमचा धंदा म्हणजे सिम्युलेशन. वस्तू लोखंडात घडवण्याआधी ती गणितात घडवायची आणि मोडून बघायची. पंपाच्या आत पाणी कसं फिरतं, औषधाच्या गोळ्यांवर लेप चढवणाऱ्या ड्रममध्ये गरम हवा कुठं अडते, ऑपरेशन थिएटरमधली हवा रोग्यावरून कशी वाहते, असलं काहीही घेऊन लोक आमचे जिने चढायचे. आम्ही त्या वस्तूचं चित्र काढून त्यावर जाळी टाकायचो, म्हणजे तिचे लाखभर बारके तुकडे करायचो, आणि प्रत्येक तुकड्याचं गणित मशीनवर सोडायचो. उत्तराला दोन दिवस लागत, कधी चार. म्हणून नंबर लावावा लागे, आणि नंबर त्या वहीत लागे.

वहीचे नियम सरांनी घातलेले. कोण, कुठलं काम, जाळी किती बारीक, आणि शेवटी उत्तर काय आलं, सगळं पेननं लिहायचं. चूक झाली तर खोडायची नाही, तिच्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी बरोबर काय ते लिहून सही करायची. मी तेविसाव्या वर्षी तिथं लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एका पाइपच्या जाडीत दशांश चिन्ह चुकवलं आणि घाबरून ती ओळ पार काळी केली. सरांनी मला तेच पान पुन्हा लिहायला लावलं, चुकीसकट. म्हणाले, चूक दिसत राहिली पाहिजे, झाकलीस तर उद्या तीच करशील. मला राग आला होता. पण पुढची अठरा वर्षं मी त्या एका वाक्यावर नोकरी केली, हेही खरं.

सर मूळचे पुण्याचे. मी नल्लकुंट्यातली. आमचे आजोबा देगलूरकडची शेती भावांच्या हवाली करून निजामाच्या वेळी इकडे आले, आणि आमची मराठी त्यांच्यासोबत आली तशीच राहिली, वर थोडी तेलुगू आणि बरीच दख्खनी चढत गेली. मी सरांना पहिल्या दिवशी "हौ सर" म्हटलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले होते. माझ्या "नक्को"ची आणि "काय की"ची त्यांनी वर्षानुवर्षं टर उडवली. मीही कमी नव्हते. त्यांच्या मोजूनमापून बोलण्यावरून मी त्यांना विचारायची, सर, वाक्याला इस्त्री घरून करून आणता का?

बाकीचे दोघं इंजिनिअर तेलुगू बोलणारे. त्यामुळे मराठी ही आमची दोघांची वेगळी खोली झाली. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आम्ही बिनधास्त एकमेकांशी बोलून घ्यायचो: याला मुदत जास्तीची सांग, याचं चित्रच चुकलंय, याला अजून काही बोलू नकोस. चेहरे हसरे ठेवायचो. गिऱ्हाइकाला वाटायचं, चहाचं चाललंय. हैदराबादेत मराठी कोण समजतं, असं सर म्हणायचे, आणि मीही तसंच धरून चालले. देगलूरच्या घरातली असून धरून चालले, हे विशेष.

मग क्लाउड आलं. म्हणजे मशीनं आपल्या खोलीत नकोतच. कुठंतरी दूर, कुणाच्या तरी मोठ्या इमारतीत हजारो मशीनं आहेत, त्यातली हवी तितकी तासाच्या भाड्यानं घ्यायची, गणित इंटरनेटवरून पाठवायचं आणि उत्तर परत ओढून घ्यायचं. चार दिवसांचं काम जेवणाच्या सुट्टीत होऊ लागलं. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही चौघं डबे उघडे ठेवून स्क्रीनसमोर उभे होतो. सरांना तर लग्नघर असल्यासारखं झालं होतं. मी घरी आईला समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती. "म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर आपल्या भाकरी," ती म्हणाली. "तवा तरी आपला असतोय का?" मी म्हटलं, तवाही त्यांचाच. मग तिनं मान हलवली आणि विषय सोडून दिला.

मागच्या खोलीतली चारही मशीनं गेली. तिथं पाण्याचे बाटले आणि जुन्या खुर्च्या ठेवल्या. वही दाराला तशीच लटकत राहिली, पण नंबरच लावायचा नाही म्हटल्यावर तिच्यात लिहिणार कोण? लिहिणं बंद झालं तेव्हा कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

क्लाउडचं खातं माझ्या नावावर उघडलं होतं. सरांना असल्या गोष्टींचा कंटाळा. पासवर्ड पांढऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असायचा, कारण आमच्यात लपवायचं काय? फक्त प्रत्येक वेळी आत शिरताना माझ्या मोबाइलवर सहा आकडी नंबर यायचा, आणि तो कुणाला तरी सांगायला लागायचा. तो मी कुठूनही सांगितलाय. बसच्या दांड्याला लटकून, दिलसुखनगरला साडीच्या दुकानात, एकदा तर भाचीच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना. सरांचा फोन यायचा, "नंबर सांग गं," आणि मी सांगायची. काय चालवताय, हे मी कधी विचारलं नाही. वही असती तर संध्याकाळी वाचलं असतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक बसवाले आले. म्हणजे बसची बॉडी बांधणारे. कंपनीकडून नुसता सांगाडा आणि इंजिन येतं, त्यावर लोखंडी चौकट, छत, खिडक्या, बाकडी यांनी चढवायची. विजयवाड्याच्या रस्त्याला त्यांचं वर्कशॉप. साठीचे, बुटके, कानावर पेन्सिल. चौकटीला वापरतात त्या लोखंडी नळ्यांचे तुकडे त्यांनी पोत्यात घालून आणले होते आणि ते एकेक माझ्या टेबलावर मांडले. बोधनच्या बाजूच्या त्यांच्या गावात शाळा आहे, त्या शाळेसाठी त्यांनी गाडी बांधली होती. गाडी उलटली तर छत पोरांवर किती येईल, एवढंच त्यांना विचारायचं होतं. दाखल्यासाठी कागद हवा होताच, पण कागद कुणीही देतं, मला खरं काय ते हवंय, असं ते मला तेलुगूत दोनदा म्हणाले.

बस कुशीवर पडताना काय होतं, हे गणितात बघायचं म्हणजे मेहनतीचं काम. खिडक्यांमधले खांब वाकतात. थोडे वाकले तर चालतं, पण माणसाच्या डोक्याखांद्याची जी जागा आहे तिच्यात काहीही शिरता कामा नये. मी पहिलं गणित बेताच्या जाळीनं सोडलं. पंधरा दिवसांनी बसवाले पुन्हा आले तेव्हा त्यांच्यासमोरच आम्ही ते उघडलं. सगळं ठीक दिसत होतं, फक्त डावीकडे तिसऱ्या खिडकीचा खांब खालच्या बाजूला जरा मुरडलेला वाटला. सरांनाही दिसला. ते मराठीत म्हणाले, "तिसऱ्या खिडकीपाशी काहीतरी आहे. याला आत्ताच नको सांगायला. आधी जाळी बारीक करून बघू."

यात वावगं काही नव्हतं. अर्धवट उत्तर सांगून माणसाला घाबरवायचं नाही, ही आमची रीतच. मी "हौ, नाही सांगत" म्हटलं, वर आणखी काहीतरी जोडलंही असेल, आणि बसवाल्यांकडे वळून तेलुगूत सांगितलं की काम छान चाललंय. त्यांनी चहा संपवला, कप खिडकीत ठेवला आणि ते नमस्कार करून गेले.

जाळी चौपट बारीक केली. आमच्या जुन्या मशीनवर ते गणित आठवडाभर बसलं असतं, क्लाउडवर दुपारपर्यंत आलं. तिसऱ्या खिडकीचा खांब तळाशी घडी पडून मोडत होता आणि चौकट बाकावर बसलेल्याच्या डोक्याच्या जागेत शिरत होती. मी ते तीनदा बघितलं. त्या जागेत आम्ही मोठ्या माणसाचा पुतळा धरतो. तिथं पोरगं बसलेलं असेल हे मनात आलं आणि मी स्क्रीन पुसली, स्क्रीनवर काही नसताना. मग सरांना दाखवलं. त्यांनी खांब स्क्रीनवर फिरवून फिरवून बघितला. म्हणाले, बरं झालं दिसलं. मी सांगतो त्यांना. तू आईचं बघ.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं. मी चार दिवस रजेवर गेले. बसवाल्यांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. फोन मीही करू शकले असते. पण सर सांगतो म्हणाले होते, आणि सरांनी सांगतो म्हटलं की मी आयुष्यात कधी खात्री करून घेतली नव्हती.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते, आई आत, तेव्हा सरांचा फोन आला. आधी त्यांनी आईची चौकशी केली. डॉक्टर कोण, भूल कसली, थेंब कितीदा घालायचे, सगळं. मग म्हणाले, "नंबर सांग गं." मी सांगितला. तासाभरानं पुन्हा मागितला, पुन्हा सांगितला. एवढ्या कामातही माणूस आईची चौकशी करतो, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की अंगाची आग होते.

रजेवरून परतले तर बसवाल्यांचा रिपोर्ट गेलेला होता. गाडी पास. सुधारणेची सूचना नाही. तपासणी करणारी म्हणून माझं नाव आणि खाली माझी सही, कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली, चित्रासारखी चिकटवायची. मला वाटलं, सरांनी खांबाला पट्टी जोडून गणित पुन्हा केलं असेल आणि तेवढं लिहायचं राहिलं असेल. माझ्या मनानं त्यांच्या बाजूनं किती वकिली केली, ते आठवून आजही स्वतःचाच राग येतो. मी क्लाउडची यादी उघडली.

आमच्या वहीत एखाद्यानं लिहायचं टाळलं तर ते टळायचं. इथं टळत नाही. कुठलं गणित, कुणाच्या नावानं, किती वाजता, जाळी किती, सगळं आपोआप लिहून राहतं. मी दवाखान्याच्या बाकावर होते त्या वेळी माझ्या नावानं दोन गणितं सुटली होती. खांब तोच, पट्टीबिट्टी काही नाही. फक्त जाळी जाड केलेली, पहिल्यापेक्षाही जाड. जाळी जाड ठेवली की गणितातलं लोखंड खऱ्यापेक्षा ताठ वागतं आणि जिथं घडी पडायची तिथं ती पडतच नाही. हे मला सरांनीच शिकवलं होतं. अजाणता झालं असेल, असं म्हणायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

मी मागची पानं चाळली. वर्षभरात असं आणखी दोनदा झालं होतं, एकदा पंपात, एकदा ड्रममध्ये. एक गणित पाळण्याची दोरी धरून सांगितलेल्या नंबराचं होतं. बारशाची तारीख मी कशी विसरेन.

दुपारी डब्यांच्या वेळी मी त्यांच्या टेबलापाशी गेले. दोन्ही हात त्यांच्यासमोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"सर, बसची जाळी जाड आहे."

"चालतं गं. कागदासाठी आहे ते," ते म्हणाले. "पुण्याच्या कंपनीची माणसं येताहेत पुढच्या आठवड्यात. त्यांना अडकलेली कामं दाखवू का?"

पुण्याची एक मोठी कंपनी आमचं ऑफिस आपल्यात घेणार आणि सर इथले प्रमुख होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्लाउडवर आम्ही एका दिवसात, एका फटक्यात कामं संपवतो, हे त्यांना दाखवायचं होतं. मी म्हटलं, खाली सही माझी आहे.

सरांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, उलट नेहमीच्या थट्टेचाच सूर ठेवला. "जॉब तुझ्या लॉगिनवरून गेलाय. नंबर तूच सांगितलास. मग सही दुसऱ्या कुणाची असणार?"

शेजारी ते दोघं इंजिनिअर दहीभात खात होते. सरांच्या चेहऱ्यावर हसू होतं, म्हणून तेही हसले, आणि त्यातल्या एकानं तेलुगूत विचारलंसुद्धा की आज काय विनोद झाला. आमच्या त्या मराठीच्या खोलीत, जिथं अठरा वर्षं आम्ही दोघंच होतो, तिथं त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं आणि बाहेर कुणाला ऐकूही गेलं नाही. मला तिथंच मोठ्यानं बोलायला हवं होतं, तेलुगूत, सगळ्यांदेखत. मी जागेवर गेले आणि डबा न उघडता बंदच परत घरी नेला.

आईच्या डोळ्यावर हिरवी झापड होती, तरी तिनं ओळखलं. काय झालं विचारल्यावर मी म्हटलं, सरांनी मला विकलं. ती म्हणाली, "त्यांचं ऱ्हाऊ दे. त्या गाडीत कोण बसणार हाय?" मी चिडले. तुला माझं काहीच नाही, असंही बोलले.

पुढचे दहा दिवस मी काय केलं? नोकरीचा राजीनामा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. सरांना मनातल्या मनात भाषणं ऐकवली. मोबाइलवर त्यांचं नाव आलं की फोन उलटा ठेवला. पुण्याची माणसं येऊन गेली, हार झाले, समोसे झाले, मी त्या दिवशी गेलेच नाही. खात्याचा पासवर्ड बदलला आणि फळ्यावरचा पुसून टाकला, आणि बारीक जाळीचं गणित छापून पिशवीत घातलं. ती पिशवी दहाही दिवस दाराच्या खिळ्याला टांगलेली होती. मी फसवली गेले होते, आणि त्याचंच मला इतकं लागलं होतं की दुसरं काही सुचत नव्हतं. अकराव्या दिवशी आईनं पिशवी काढून माझ्या हातात दिली.

दिलसुखनगरपर्यंत बस, पुढे ऑटो. वर्कशॉपच्या दारात शिरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. बसवाले स्टुलावर बसून काहीतरी मापत होते. मला बघून उठले, फडक्यानं दुसरं स्टूल पुसलं. मी बसले नाही. तेलुगूत एका दमात सगळं सांगितलं: रिपोर्ट खोटा आहे, बारीक जाळीत खांब मोडतो, सही माझी असली तरी ते गणित माझं नाही, सरांनी माझ्या नावानं केलं, मला फसवलं. फसवलं हे मी तीनदा तरी म्हटलं असेन. त्यांनी छापील चित्र घेतलं, उन्हात धरून बघितलं, आणि मला मागच्या आवारात नेलं.

पिवळी गाडी तिथंच उभी होती. नंबर नाही, टायरांना धुळीचा थर, छतावर ताडपत्री. दोन आठवड्यांपूर्वीच शाळेत जायला हवी होती. मला वाटलं होतं ती कधीच रस्त्याला लागली असेल, आणि त्या भीतीनंच मी पिशवीला हात लावत नव्हते, हे मला ती गाडी बघितल्यावर कळलं. मी गाडीलाच धरून उभी राहिले.

त्यांनी खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला. मी आत चढले, तिसऱ्या खिडकीच्या खांबापाशी वाकले आणि आडवी रेघ ओढली.

"खालून की वरून?" त्यांनी मागोमाग चढून विचारलं.

"खालून. इतभर वर," मी म्हटलं. मग मी थांबले. त्यांनी मराठीत विचारलं होतं आणि मी मराठीत सांगितलं होतं.

त्या खांबाचं पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. त्यांनी चारही बाजूंनी पोलादी पट्टी जोडून घेतली. मी ते गणित बारीक जाळीनं पुन्हा चालवलं, एका ओळखीच्यांच्या ऑफिसातून, कारण तोवर मी राजीनामा देऊन चुकले होते. घडी पडली नाही. जून महिन्यात शाळा सुरू झाली तेव्हा गाडी बोधनला गेली. जुन्या दोन कामांच्या मालकांनाही मी फोन केले. एकानं ऐकून घेतलं, एकानं सरांना कळवलं. सरांचा मला त्यावर एकच निरोप आला, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती असा. तो वाचून मला हसू आलं आणि मग रडूही आलं, कारण अठरा वर्षांत मी ज्या माणसाची शाबासकी मिळवायला धडपडले तो अजूनही तसंच बोलत होता.

पण त्या सकाळी गाडीत उभ्या उभ्या मी बसवाल्यांना विचारलं, तुम्हाला मराठी येते?

"आमची आई देगलूरची," ते म्हणाले. त्यांची मराठी माझ्या आजोबांसारखी होती, तीच हेलकावे घेणारी. शाळेचे लोक रोज फोन करतात, त्यांना काहीबाही सांगून गाडी थांबवून ठेवली आहे, असं ते म्हणाले. रिपोर्ट पास आला त्याच दिवशी त्यांना शंका आली होती, कारण तिसऱ्या खिडकीचं आम्ही त्यांच्यासमोरच बोललो होतो आणि रिपोर्टात तिसऱ्या खिडकीचं नावही नव्हतं.

मी म्हटलं, मग विचारलं का नाही?

"वाट बघायलतो. तुम्ही फोन कराल म्हणून."

मी पिशवीतून रिपोर्टची प्रत काढली. बाकावर ठेवून, जिथं 'पास' लिहिलं होतं तिथं पेननं एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी खरं काय ते लिहिलं आणि हातानं सही केली. ती त्यांच्यापुढे धरून मी पुन्हा तेच सुरू केलं, की सरांनी मला कसं फसवलं, मी तर तुम्हाला सांगणारच होते.

त्यांनी कागद घेतला, चार घड्या करून खिशात घातला. रागावलेले दिसले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, तुमच्या सरांचं ते पुण्याचं बोलणं मला अर्धंच कळलं," ते म्हणाले. "तुमचं सगळं कळलं. ते म्हणले, याला सांगू नको. तुम्ही म्हणलाव, हौ, नाही सांगत, त्याला काय कळतंय."

मी तसं म्हटलं होतं. ते ऐकल्याबरोबर माझाच आवाज, माझंच ते हसणं, सगळं आठवलं. ते खाली उतरले आणि वेल्डरला पट्टी आणायला सांगायला गेले. मी हातातला खडू तिसऱ्या खिडकीच्या कडेवर ठेवला आणि ते परत येईपर्यंत तिथंच बसून राहिले.